जुना लॅपटॉप धड सुरू होत नाही: मदरबोर्डला दोष देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साधारण 2014-15 सालचा लॅपटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो. पण कधी पडदा काळाच राहतो, तर कधी कंपनीचा लोगो येऊन खाली ठिपके गोल फिरत बसतात. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर एखाद वेळी सुरू होतो. सोलापुरात नवी पेठेत एका दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाले. लॅपटॉप शहराच्या पूर्व भागात, मागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत असतो आणि चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी, बिलं, टॅली सगळं त्यातच आहे. दुरुस्तीला पैसे घालावेत की नवा घ्यावा, हे तुम्ही विचारलंय.

नवा घ्यावा का, हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. त्याआधी दोन गोष्टी आहेत: आतला डेटा सुखरूप बाहेर काढणं, आणि लॅपटॉप सुरू होताना नेमका कुठे अडतो ते पाहणं. दोन्ही दुकानांनी या दोन्ही गोष्टी सोडून थेट इलाज सांगितलाय. मदरबोर्ड खरोखर मेलेला असता तर लॅपटॉप एकदाही विंडोजपर्यंत पोचला नसता. अधूनमधून दगा देणारा बोर्ड असू शकतो, नाही असं नाही, पण तो संशयितांच्या यादीत शेवटचा. आणि फॉरमॅटचं म्हणाल तर डिस्कच खराब होत चालली असेल तर डेटा जाईल, वर नवं विंडोज त्याच खराब डिस्कवर बसेल, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच रडगाणं.

लॅपटॉप समोर नसताना मी मॉडेलनुसार बदलणाऱ्या गोष्टी ठामपणे सांगू शकत नाही. काही मॉडेलांत रॅम आणि डिस्कसाठी खाली एक-दोन स्क्रूचं वेगळं झाकण असतं, काहींत अख्खा तळ काढावा लागतो. काहींत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, ती निघतच नाही. पण तपासाचा क्रम सगळ्यांना सारखाच लागू होतो.

आधी एक काम करा: पुन्हापुन्हा बंद-चालू करणं आजपासून थांबवा. विंडोज दोन-तीनदा अर्धवट अडलं की ते आपणहून दुरुस्तीच्या स्क्रीनवर जातं, आणि तिथून डिस्कची तपासणी सुरू होते. डिस्क धडधाकट असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर ही तपासणी तिच्यावरचा प्रत्येक कोपरा वाचायला लावू शकते, आणि जे वाचता येत नाही ते निकामी ठरवून बाजूला टाकते. त्यात तुमची एखादी फाइल तुटली तर ती नंतर जोडणं फार अवघड. म्हणून डेटा हातात येईपर्यंत त्या स्क्रीनवरचं कुठलंही ‘रिपेअर’ दाबू नका.

आता उघडण्याबद्दल. चार्जर काढा, आणि बाहेरची बॅटरी असेल तर खटका सरकवून तीही काढा. बॅटरी आत असेल तर तळ उघडल्यावर सगळ्यात पहिल्यांदा तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात साठलेला उरलासुरला करंट निघून जातो. नुसत्या एवढ्यानेही काही लॅपटॉप मार्गी लागतात. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही, असं समजा. जुन्या घरांत आणि शेडमध्ये हे सर्रास असतं. तिथे चार्जर लावून आत हात घालायचाच नाही. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर तिला दाबू-टोचू नका, ती बदलायचीच.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका कागदावर तळाचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावा. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर तो वरच्या पॅनेलला भोक पाडतो किंवा बोर्डाला टेकतो, आणि नसलेला बिघाड तयार होतो.

आता जी चाचणी सांगतो तिला मी सगळ्यात जास्त किंमत देतो, कारण ती फुकट आहे आणि अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. हार्ड डिस्क बाहेर काढून ठेवा. डिस्कशिवाय लॅपटॉप जोडा, पेनड्राइव्ह, डोंगल, प्रिंटरची वायर सगळं काढा, आणि नुसत्या चार्जरवर बटण दाबा. डेल, एसर, असूस आणि बऱ्याच लेनोवोत एफ-2, तर एचपीत एस्केप आणि मग एफ-10 दाबलं की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जाता येतं. असं सलग दहा वेळा करा: काही वेळा सकाळी गार असताना, काही वेळा अर्धा तास चालू ठेवून गरम झाल्यावर. बायोसमध्ये न जाता नुसतं सोडलं तर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशा अर्थाचा संदेश येईल. डिस्कच नाही म्हटल्यावर तो यायलाच हवा, घाबरू नका.

दहाही वेळा विनातक्रार लोगो आला आणि बायोस उघडलं, तर मदरबोर्ड, रॅम, स्क्रीन आणि चार्जर यांच्यावरचा संशय जवळजवळ फिटला. दोष डिस्कचा किंवा तिच्यावरच्या विंडोजचा. पंखा फिरतो आणि पडदा काळा, हे डिस्कमुळेही होऊ शकतं, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. पण खराब डिस्क विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच देत नाही, आणि काही जुनी बायोस त्या उत्तराची वाट पाहत तिथेच अडून राहतात. उलट, डिस्क काढूनही मधूनच काळा पडदा येत असेल तर डिस्क त्या दोषातून सुटली, आणि आपल्याला रॅमकडे वळायला हवं.

रॅमची जोडणी सैल असणं हे ‘पंखा चालू, डिस्प्ले नाही’ या तक्रारीचं फार नेहमीचं कारण आहे. तुमच्या बाबतीत तर ते जास्तच शक्य आहे, कारण एकच रॅम दोन्ही लक्षणं दाखवू शकते: संपर्क तुटला की काळा पडदा, संपर्क अर्धवट असला की विंडोज चढता चढता अडतं. रॅमची पट्टी काढण्यासाठी दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकला, ती आपोआप तिरकी उभी राहते. सोनेरी दातांवरून पेन्सिलचा पांढरा खोडरबर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवा. शाई खोडायचा खरखरीत रबर वापरू नका, तो सोन्याचा थर खरवडतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. हाताला लावायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. स्लॉटमध्ये कोरडा, नवा, मऊ टूथब्रश फिरवा. बसवताना पट्टी तिरकी धरून सोनेरी भाग जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत आत सारा आणि मगच खाली दाबा. दोन्ही क्लिपांचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एकाच बाजूचा आला तर रॅम अर्धीच बसलीय. त्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना मिनिटभर पडदा काळा राहू शकतो, तेवढा धीर धरा.

दोन स्लॉट असतील तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. कोणाकडून चाचणीसाठी रॅम आणणार असाल तर तिच्यावर पीसी-थ्री-एल लिहिलेलं असलं पाहिजे. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला 1.35 व्होल्टची रॅम लागते. 1.5 व्होल्टची जुनी डीडीआर-थ्री पट्टी खाचेत नीट बसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही, आणि मग उगाच ‘बोर्डच गेला’ असा निष्कर्ष निघतो.

या टप्प्यावर लॅपटॉप स्वतःही काही सांगत असतो. जुन्या डेलमध्ये दोन बीप म्हणजे रॅम सापडत नाही, चार म्हणजे रॅम वाचता-लिहिता येत नाही, पाच म्हणजे बायोसचा सेल संपला, आठ म्हणजे स्क्रीनचा दोष. त्या काळच्या बऱ्याच एचपीत कॅप्स लॉकचा दिवा तीनदा लुकलुकला की रॅम. सगळ्या मॉडेलांत आकडे सारखे नसतात, म्हणून स्वतःच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पडताळून घ्या.

पडदा काळा असतानाच अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पाहा. पुसट लोगो दिसला तर लॅपटॉप चालू आहे, फक्त स्क्रीनमागचा उजेड गेलाय. झाकण पुढे-मागे केल्यावर चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी वायर.

बायोसचा सेल हा दहा वर्षं जुन्या लॅपटॉपात हमखास तपासावा असा भाग आहे. सीआर-2032 नावाचा 3 व्होल्टचा बटणासारखा सेल असतो, कधी सॉकेटमध्ये, कधी वायर जोडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. मल्टिमीटरवर 2.7 व्होल्टच्या खाली आला की बदला. तो संपल्यावर तारीख मागे जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचबरोबर बायोसची सेटिंगही मूळपदावर जाते, हे लक्षात येत नाही. विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीने बसवलेलं असेल आणि बायोस परत लेगसी या जुन्या पद्धतीवर गेलं, तर डिस्क चांगली असूनही ती सापडत नाही. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर (RAID) गेला तर निळा पडदा येतो. म्हणून सेल काढण्यापूर्वी बायोसमधल्या या दोन सेटिंगचे फोटो काढून ठेवा.

चार्जर पटकन तपासून होतो. पिनेवर 19 ते 20 व्होल्टच्या आसपास यायला हवेत, नेमका आकडा चार्जरवर छापलेला असतो. स्वस्त मल्टिमीटरची 20 व्होल्टची रेंज लेनोवोच्या 20 व्होल्टला अपुरी पडून नुसता 1 दाखवते, तेव्हा 200 ची रेंज लावा. नुसत्या पिनेवर व्होल्ट बरोबर आले तरी भार पडल्यावर चार्जर ढेपाळू शकतो, म्हणून खात्रीचा दुसरा चार्जर लावून पाहणं बरं. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

आता डेटा. डिस्क बाहेर आहेच, तर ती लॅपटॉपात परत न लावता यूएसबी-साटा वायरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना जवळपास एक अँपिअर ओढते आणि यूएसबी-2 पोर्ट अधिकृतपणे अर्धाच देतो. त्यामुळे डिस्क नुसती टकटक करून थांबली तर ती गेली असं लगेच समजू नका. निळ्या यूएसबी-3 पोर्टला लावा किंवा दोन तोंडांची वायर घ्या. जोडल्यावर ‘फॉरमॅट करायची का’ किंवा ‘स्कॅन करू का’ असं विचारलं तर दोन्हींना नाही म्हणा. 48 आकडी की मागितली तर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे. ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून तीन ओळी बघा: 05, सी-5 आणि सी-6. रीअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांचे, ते आकडे. तिन्ही शून्य असतील तर डिस्क बहुधा ठीक, दोष विंडोजचा. सी-5 मध्ये शून्याच्या वर काही दिसलं तर ती डिस्क पुन्हा कामाला लावायची नाही, तिचा उपयोग आता डेटा काढण्यापुरताच.

अशी डिस्क हाताळताना अख्खा ‘युजर्स’ फोल्डर एकदम ओढून कॉपी करू नका. एका खराब जागेवर अडकून ती तासन्‌तास झुंजत बसते, आणि महत्त्वाची फाइल मागे राहते. आधी टॅली. तिच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचं पाच किंवा सहा आकडी क्रमांकाचं एक फोल्डर असतं. ते अख्खं घ्या, आतल्या सुट्या फायली घेऊन कंपनी उघडत नाही. टॅलीचे बॅकअप असतील तर तेही. मग एक्सेलची बिलं आणि ऑर्डरी, मग डेस्कटॉप आणि डाउनलोड, फोटो सगळ्यात शेवटी. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही: जुनी मराठी पत्रं, लेबलं, चादरीच्या पट्ट्यांचा मजकूर युनिकोडऐवजी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असेल, तर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले ते फाँटही घ्या. नाहीतर नव्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील.

हे काम भर दुपारी करू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पत्र्याच्या शेडलगतच्या खोलीत 40 अंशांच्या वर तापमान असतं, आणि अशा बहुतेक डिस्कची कामाची मर्यादा 60 अंश. वाचताना त्या स्वतःही तापतात. रात्री किंवा पहाटे, डिस्क टेबलावर आडवी ठेवून, वरून टेबलफॅनचा वारा सोडून कॉपी करा. फायली मिळता मिळता वेग फारच मंदावला तर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममधलं डीडीरेस्क्यू हे साधन वापरा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, हट्टी जागा शेवटी ठेवतं, आणि कुठवर आलं याची नोंद ठेवत असल्याने मध्येच थांबवून पुन्हा पुढे चालू करता येतं. पण डिस्क खडखडत असेल, किंवा पडल्यानंतर बिघडली असेल, तर घरी काहीच करू नका. ती डेटा रिकव्हरीवाल्याचीच केस आहे, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक त्याचं काम अवघड होतं.

डिस्क जोडून ठेवायला दुसरा कॉम्प्युटर मिळत नसेल तर कोणाकडून तरी 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमने लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून घ्या, डिस्क परत बसवा आणि त्याच लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून चालवा. इन्स्टॉल करू नका, नुसतं वापरून पाहा. बूट मेनूसाठी डेल, लेनोवो, एसरमध्ये एफ-12, एचपीत एफ-9. ‘डिस्क हायबरनेट अवस्थेत आहे, फक्त वाचता येईल’ असं ते म्हणालं तर उत्तमच, आपल्याला फक्त वाचायचंच आहे. यातून एक निदानही होतं: पेनड्राइव्हवरून लॅपटॉप तासभर मजेत चालला तर बोर्ड गेला म्हणणाऱ्याकडे परत जायची गरज नाही.

तुमच्या खोलीमुळे पंख्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. खळ दिलेल्या सुताची बारीक लव हवेत सतत तरंगत असते. लॅपटॉपचा पंखा ती आत ओढतो आणि तांब्याच्या जाळीवर, पंख्याच्या तोंडाशी, तिचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण थर आतल्या बाजूला असतो. बाहेरून हवा मारली तर तो सुटून परत पंख्यात पडतो. पंख्यावरची पट्टी दोन-चार बारीक स्क्रूंवर असते. ती काढा, चिमट्याने तो थर अख्खा उचला, मग ब्रश. पाती बोटाने धरून ठेवल्याशिवाय हवा मारायची नाही, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जातं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा नकोच, तिच्यात पाणी आणि तेल असतं. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा भाग, काढलाच तर जुनी, वाळून खडू झालेली पेस्ट पूर्ण पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा, आणि स्क्रू त्यांच्याजवळ छापलेल्या 1, 2, 3, 4 या क्रमाने थोडे थोडे आवळा. गरमीचा दोष ओळखायची खूण वेगळी आहे: गार असताना पहिल्या झटक्यात सुरू होतो, वापरताना अचानक बंद पडतो, आणि लगेच सुरू केला तर होत नाही. तुमचं लक्षण तसं नाही, त्यामुळे लव हे मूळ कारण नसावं. पण हीच लव रॅमच्या स्लॉटमध्येही शिरते, म्हणून साफसफाई टाळू नका.

डिस्क निरोगी निघाली आणि दोष नुसता विंडोजचा असेल, तर डेटा बाहेर आल्यावर खुशाल ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा, सेफ मोडमध्ये जाऊन शेवटचं अपडेट किंवा ड्रायव्हर काढा. नाही जमलं तर नव्याने विंडोज टाका. त्यात आता काही गमवायचं नाही.

डिस्क गेली असेल तर जागी 240-256 जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या. ती 7 मिलिमीटर जाडीची असते आणि काही जुन्या लॅपटॉपांत कप्पा 9.5 मिलिमीटरचा असतो, तेव्हा सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावा, नाहीतर कनेक्टर हलत राहतो. रॅम 8 जीबी केलीत तर टॅली आणि बिलिंगसाठी हा लॅपटॉप वेगाला अजून पुरेसा आहे. अडचण दुसरीकडे आहे. विंडोज 10 चं नेहमीचं सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही. पळवाट काढून 11 टाकून देणारे आहेत, पण व्यवसायाच्या मशीनवर मी ते करणार नाही, कारण पुढचं एखादं मोठं अपडेट चढेलच याची हमी नसते. टॅलीला विंडोज लागतं, म्हणून हा लॅपटॉप टॅलीपुरता ठेवा आणि बँकेचे व्यवहार, जीएसटीचं पोर्टल दुसऱ्या मशीनवर करा.

रॅम, सेल, चार्जर, डिस्क सगळं तपासूनही काळा पडदा राहिला, तर मात्र चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग दुरुस्त करायचं, काम करणाऱ्याकडे न्या. डिस्क घरी ठेवून न्या, त्याला ती लागत नाही. ‘बोर्ड गेला’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठला व्होल्टेज येत नाही, कुठे शॉर्ट आहे, बायोस पुन्हा प्रोग्रॅम करून पाहिलं का, हे विचारा. नीट काम करणारा माणूस मीटर लावून दाखवतो. चिपला हीट मारून सुरू करून देतो म्हणाला तर नको म्हणा, ती दुरुस्ती टिकत नाही. त्याने सांगितलेला खर्च तशाच जुन्या, चालू लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर पैसे बोर्डात घालू नका. काढलेली रॅम आणि चार्जर त्याच कंपनीच्या, त्याच पिढीच्या दुसऱ्या जुन्या लॅपटॉपला बहुधा चालतील, फक्त व्होल्ट आणि पिन जुळते का ते पाहून घ्या.